मदतीला आलेले प्रेक्षक

आमच्या पोर्ट हॅडलीत नाटकाचं तिकीट आधी काढणं हा उतावळेपणा समजतात. तळ्यावरून वारा कसा येतोय, टीव्हीवर हॉकीचा सामना आहे का आणि शेजारचे निघालेत का, एवढं बघायचं. मग पडदा वर जायच्या घटकाभर आधी बूट चढवायचे आणि टाउन हॉल गाठायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि हॉल दर वेळी भरत होता. त्यामुळे करोनात दीड वर्ष बंद पडलेला हॉल या ऑक्टोबरात उघडायचं ठरलं, तेव्हा नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी जे जाहीर केलं, त्यानं गावाच्या भावना दुखावल्या.

"रविवारपर्यंत अर्धी तिकिटं गेली नाहीत," वेंडेल क्रॉस म्हणाले, "तर पुढच्या शनिवारचा प्रयोग रद्द."

वेंडेल निवृत्त विमा एजंट. घर जळेल, बोट बुडेल, झाड गाडीवर पडेल असं लोकांना सांगण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या हातात गावानं करमणुकीचं खातं का दिलं, हा प्रश्न मी एकदा जाहीरपणे विचारला. किती जाहीरपणे, ते पुढे येईलच.

मला या प्रयोगाची एवढी काळजी का, तर त्यात माझी आई होती. आई म्हणजे लोर्ना. शाळेच्या बसची निवृत्त ड्रायव्हर आणि गावच्या प्रत्येक संगीत नाटकात मागच्या रांगेत उभी राहून गाणारी. तिनं आजवर दुसरी मासेवाली केली, वादळातलं झाड केलं आणि एकदा गाईचा मागचा भाग केला. तिच्या कुठल्याही पात्राला नाव म्हणून नव्हतं. शाळेतल्या संगीताच्या मास्तरांनी, मिस्टर हेलरांनी, स्वतः लिहिलेल्या 'गिरणीवाल्याची विधवा' या नाटकात तिला थेट विधवाच केलं, तेव्हा आईनं त्यांना दोनदा विचारलं की चुकून तर नाही ना. ही विधवा नवरे करते आणि त्यांना विष घालते. आई अगदी खूष होती. मग मार्चमध्ये रंगीत तालमीच्या संध्याकाळी ती गळ्यापर्यंत बटणं लावून, काळी टोपी घालून उभी असताना हॉलला कुलूप लागलं. ती तशीच, विधवेच्या वेषात, स्वतः गाडी चालवत घरी आली. वाटेत दूधही घेतलं.

त्यानंतर महिनाभरानं आमची टिली जन्मली.

आजीला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून आई खिडकीबाहेर उभी राहायची. माझ्या फुलांच्या वाफ्यात, रबरी बूट घालून. पुढे बर्फात, तेच बूट घालून. काचेला नाक लावून नातीकडे बघायची. नुसतं बघून किती वेळ काढणार, म्हणून गायची. आणि डोक्यात एकच गाणं ताजं होतं, म्हणून तेच:

पहिला गेला सुपामधूनी,
दुसरा गेला चहामधे,
ये रे तिसऱ्या, बस ना जवळी,
काय ठेवलंय बघ डब्यामधे.

चाल मात्र पाळण्याची, गोड. मिस्टर हेलरांच्या मते खरं विष चालीतच असतं. आमच्या खिडकीला दुहेरी काच आहे. तिच्यातून आत पोचायचं म्हणजे आवाज लावावा लागतो, आणि आईनं तो रोज लावला. टिलीला त्या गाण्याशिवाय झोप येईनाशी झाली. पुढे बोलायला लागल्यावर तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'बाबा' नव्हता. आजीचं गाणं संपलं की काचेवर पंजा आपटून ती म्हणायची, "अजून."

कुंपणापलीकडून मिसेस प्रिंगल म्हणाल्याच होत्या, "लोर्ना, पोरीला शाळेत घालायच्या आधीच स्वयंपाक शिकवते आहेस."

तर वेंडेलची अट आईच्या कानावर गेली. त्या दिवशी भांडी पुसताना ती म्हणाली, "आवाज यंदा आहे, केल्सी. पुढच्या वर्षी असेलच असं नाही." आणि बशी फडताळात ठेवून गेली.

म्हणून मी ठरवलं की अर्धा हॉल आपण भरायचा. माझा नवरा रॉस म्हणाला, "चार घरं फिरलीस की झालं." रॉसच्या तोंडून 'की झालं' निघालं, की मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या तळघराला रंग देताना तो हेच म्हणाला होता, आणि आमचं तळघर अजून दोन रंगांचं आहे.

टिलीची गाडी ढकलत मी दारोदार फिरले. पोर्ट हॅडलीत तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. "येऊ की, बहुतेक," सगळे म्हणाले. "वारा बघू." एकानं हरणाच्या शिकारीचा मोसम सांगितला. एकीनं विचारलं, की दीड वर्षात घरच्या पायजम्याची सवय झालीय, तर हॉलमध्ये काय घालायचं असतं. पुष्कळांना नुसती धास्ती होती. अनोळखी माणसाशेजारी अंधारात बसायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावात अनोळखी माणूस आणायचा कुठून, ते मला कळेना. तिकीट मात्र एकानंही काढलं नाही. मला ॲपल पाय, केक आणि मुरंबे एवढे मिळाले की टिलीच्या गाडीत टिलीला जागा उरली नाही.

मी हताश होऊन मिसेस प्रिंगलच्या पायरीवर बसले. डॉर्कास प्रिंगल वर्षानुवर्षं तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसून नाटक बघतात, आणि नाटक कसं झालं हे गाव त्यांच्या पाठीवरून ओळखतं.

"तू चुकतेस कुठे सांगू?" त्या म्हणाल्या. "तू लोकांना मजा करायला बोलावतेस. या गावात मजा करायला घराबाहेर कुणी पडलंय का कधी?"

"मग काय सांगू?"

"मदत हवीये म्हणून सांग."

हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडे लग्नाला माणसं उशिरा येतात, पण कुणाची गाडी खड्ड्यात गेली तर जेवणावरून उठून येतात, आणि आपलं दोरखंड आपण आणतात. मी तीच दारं पुन्हा वाजवली. "हॉल उघडतोय, पण माणसं कमी आहेत हो. दारावर लशीचे दाखले बघायला कुणीतरी लागेल." वाक्य पुरं व्हायच्या आत लोक कोट शोधू लागले. शिकारीवाला म्हणाला, हरणं कुठे पळून जातायत. पायजमावालीनं विचारलं, स्वयंसेवकांना बिल्ला असतो का. मी म्हटलं असतो, आणि घरी जाऊन रात्रीपर्यंत बिल्ले कापत बसले.

शुक्रवारी मी वेंडेलना अभिमानानं सांगितलं की अर्ध्या हॉलाहून जास्त माणसं येतायत.

"तिकिटं?" वेंडेल म्हणाले.

"स्वयंसेवक आहेत."

"केल्सी, स्वयंसेवक म्हणजे प्रेक्षक नव्हेत." ते अशा सुरात म्हणाले, जणू बोट बुडालीय पण विमा भूकंपाचा होता. "तुझ्याकडे दाखले तपासणारे एवढे झालेत. दाखवणारं कोण आहे?"

यावर तोड मिसेस प्रिंगलनीच काढली. एकानं दुसऱ्याचा दाखला तपासायचा, दुसऱ्यानं पहिल्याचा, आणि काम झालं की दोघांनी बसून घ्यायचं. बसायचं तर तिकीट लागणारच. "आणि तिकीट काढणं हीसुद्धा मदतच," त्यांनी फोनवर सगळ्यांना बजावलं. मदत म्हटल्यावर कुणी हूं का चूं केलं नाही.

पण रविवारी सकाळी हिशेब थोडा कमी पडला. उरल्या होत्या त्या माझ्यासारख्या आया. टाळेबंदीत आमच्या गावात मुलं भरपूर झाली. दुसरं करण्यासारखं काय होतं ते आठवून बघा. आणि मुलं सांभाळणाऱ्या पोरी तोवर मोठ्या होऊन कॉलेजला निघून गेल्या होत्या. "आम्ही आलो असतो गं," आया म्हणाल्या, "पण यांना कुठे ठेवू?" रविवार संध्याकाळ तोंडावर आलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी सांभाळते. हॉलच्या तळघरात. सगळ्यांना."

अर्धा हॉल भरला, वर चार खुर्च्या जास्तच. वेंडेलनी प्रयोग मंजूर केला. मी आईकडे धावत गेले आणि सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू येणार नाहीस," ती म्हणाली.

दुसऱ्याच्या तोंडून ऐकेपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गावातल्या प्रत्येकाला मी आईचं गाणं ऐकायला बसवलं होतं, एक मी सोडून. आईनं चहाचं आधण ठेवलं. आम्ही हवापाण्याचं बोललो.

मधल्या आठवड्यात मला कळलं, की नगरपालिकेच्या तळघरात दुसऱ्यांची मुलं सांभाळायची तर पोलिसांचा दाखला लागतो. दाखल्यासाठी नगरपालिकेत ओळख पटवावी लागते. खिडकीमागे शॅरन होती. माझ्या लग्नात ती माझ्या मागे फुलं धरून उभी होती.

"तुला ओळखणारं कुणी आहे का गावात?" शॅरननं कागदावरून वाचून विचारलं.

"तू आहेस."

"मी इथे बसलेय तोवर नाही."

शिवाय सांभाळायला दोन मोठी माणसं हवीत, असाही नियम निघाला. दुसरे म्हणून मिसेस प्रिंगलनी आपला नवरा दिला. आल्विन प्रिंगल फार गोड म्हातारा. त्यांना मुलांचा गोंगाट मुळीच त्रास देत नाही, कारण त्यांना ऐकूच येत नाही. श्रवणयंत्र आहे, पण ते खास प्रसंगांसाठी खिशात जपून ठेवतात.

मी आईचं गाणं ऐकावं कसं, यावर तोडगा रॉसनं काढला. टिली रडली तर दुसऱ्या खोलीत ऐकू यावं म्हणून आमच्याकडे बेबी मॉनिटरचे दोन डबे आहेत, पांढरे, अंड्यासारखे. एक डबा बाळाजवळ ठेवायचा, तो ऐकतो. दुसरा आपल्याजवळ, तो बोलतो. रॉस प्रकाशयोजनेला होता. "ऐकणारा डबा मी रंगमंचाच्या कडेला ठेवतो," तो म्हणाला, "मायक्रोफोनच्या बाजूला. बोलणारा तुझ्याकडे. की झालं."

शनिवारी हवा पडलेली होती. लोकांनी तरीही येऊन वारा बघितलाच. सगळे मास्क लावून आले, त्यामुळे जन्मभर शेजारी राहिलेली माणसं एकमेकांना डोळे बारीक करून बघत होती. दारावर स्वयंसेवकांची गर्दी एवढी, की आत शिरायला जागा नव्हती. सगळ्यांत पुढे मिसेस प्रिंगल.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"डॉर्कास, मी आहे," आल्विन म्हणाले.

"ते मी बघीन. दाखल्यावर काय लिहिलंय?"

आल्विननी दाखला दाखवला. त्यांनी तो उलटसुलट बघितला, जन्मतारीख वाचली, "मला तू दोन वर्षांनी लहान सांगितलं होतंस," म्हणाल्या आणि त्यांना खाली सोडलं.

तळघर रंगमंचाच्या अगदी खाली आहे. छतात एक लोखंडी जाळी आहे, पूर्वी भट्टीची ऊब वर जावी म्हणून केलेली. एरवी तिच्यातून वरचं सगळं ऐकू येतं, पण त्या दिवशी तिच्यावर विधवेच्या दिवाणखान्याचा जाड गालिचा होता. वर फक्त पावलं धपधपत. खाली आठ-दहा मुलं. एक जण बूट खात होता. दोघी एका चेंडूवरून भांडत होत्या. टिली आल्विनच्या मांडीवर बसून त्यांच्या खिशातलं श्रवणयंत्र चाखत होती.

गिरणीकामगारांचा नाच संपल्याचं मला धपधपीवरून कळलं. म्हणजे आता विधवा येणार. मी डबा सुरू केला, कानाशी धरला. काही नाही. हलवला. काही नाही.

आता जे घडलं होतं ते सांगते. रॉस घरात न चुकता करतो असं एकच काम आहे: टिलीला झोपवलं की ऐकणारा डबा बाळाजवळ ठेवायचा आणि बोलणारा मोठ्यांकडे न्यायचा. दीड वर्ष रोज. त्या संध्याकाळीही त्याच्या हातांनी तेच केलं. ऐकणारा डबा बाळांजवळ, म्हणजे माझ्या हातात. बोलणारा वर, मायक्रोफोनला चिकटून. आणि मायक्रोफोन भिंतींवरच्या दोन भल्यामोठ्या कर्ण्यांना जोडलेला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी डबा तोंडासमोर धरून आल्विनशी बोलत होते. आल्विनशी बोलायचं म्हणजे ओरडायचं.

"चालत नाहीये हे," मी ओरडले.

"हो, हवा छान आहे," आल्विन म्हणाले.

"रॉसला साधं काम सांगितलं होतं. आमचं तळघर दोन रंगांचं आहे, तेव्हाच समजायला हवं होतं मला."

"अगदी खरं."

"आणि तो वेंडेल. म्हणे अर्धा हॉल भरा. स्वतःच्या बायकोला तरी तिकीट काढायला लावता आलं का त्याला? विमा एजंटाच्या हातात करमणूक देतं का कुणी?"

"डॉर्कास वर बसलीय," आल्विन म्हणाले.

"बसलीय की. तिसऱ्या रांगेत. तिला वाटतं हॉल तिच्या खुर्चीभोवती बांधलाय." आणि मग कसं कोण जाणे, मला रडूच आलं. "अहो, दीड वर्ष मी वाट बघितली हे ऐकायची. त्या हिवाळ्यात मी किती एकटी होते ते आईला कधी सांगितलंच नाही. दिवसभर मी आणि बाळ. आणि बरोबर चार वाजता ती बर्फात येऊन उभी राहायची. ती टिलीला झोपवायला गाते असं तिला वाटायचं. पण आत खुर्चीत डोळे मिटून मीच बसलेली असायचे. तिच्या त्या गाण्यावर मी तगले हो. आणि आज ती वर आहे, आणि मी इथे."

"सूपच होतं दुपारी," आल्विन समजुतीनं म्हणाले. "बरं होतं."

माझ्या ओरडण्यानं आधी बूटवाला रडला. मग चेंडूवाल्या. मग टिली, आणि टिली रडली की बाकीच्यांना रडण्याची पद्धत समजते. तळघर दणाणलं.

त्याच क्षणी डोक्यावर खुर्च्या सरकल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. मग पावलं, शेकड्यानं, जिन्याच्या दिशेनं.  लोक उठून चालले होते. आईच्या गाण्याच्या ऐन तोंडावर. ज्यांना मी मदत म्हणून बोलावलं होतं, ते नाटक बघायला आलेच नव्हते, आता मला ते लख्ख दिसलं. काम झालं, बिल्ले मिळाले, चालले घरी.

तेवढ्यात लाकडाच्या फळ्यांतून, गालिच्यातून, एक आवाज आला. पस्तीस वर्षं शाळेच्या बसमधली पोरं ज्या आवाजानं जागच्या जागी बसली, तो.

"बसा. सगळे बसा. आज कुणी मदत करायची नाही."

पावलं थांबली. खुर्च्या कुरकुरल्या. मग वर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला, छतात उजेडाचे चौकोन पडले, आणि जाळीच्या पलीकडे, काळ्या टोपीत, आईचं तोंड दिसलं. ती विधवेच्या झग्यात, गुडघे टेकून, रंगमंचाच्या मधोमध बसली होती.

"केल्सी," ती म्हणाली, "तो डबा खाली ठेव. सगळा गाव ऐकतोय."

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं," वरून मिसेस प्रिंगलचा आवाज आला. "तिसरी रांगसुद्धा."

"आम्ही तुमच्या मदतीला येत होतो," शिकारीवाला म्हणाला. "सॉरी हं." मग त्याच्या मागून अख्ख्या हॉलनं सॉरी म्हटलं, रांगेरांगेनं, आपापल्या पोराचा आवाज ओळखलेल्या आयांनी जरा जास्त मोठ्यानं.

मला तळघराच्याही खाली एखादं तळघर हवं होतं. मी डबा जमिनीवर ठेवला. बंद करायचं मात्र सुचलं नाही. आई माझ्याकडे बघत होती. खिडकीतून बघायची तशीच, फक्त मधे काचेऐवजी जाळी.

"मला माहीत होतं," ती हळू आवाजात म्हणाली. हळू असलं तरी ते कर्ण्यांतून गेलंच. "टिली बऱ्याचदा आधीच झोपलेली असायची. तू डोळे मिटून बसलेली दिसायचीस. म्हणून मी आणखी दोन कडवी गायची."

मग तिनं पियानोकडे मान केली आणि जाळीवर वाकून गाणं सुरू केलं.

पहिला गेला सुपामधूनी. मी कडेवर घेतलेल्या टिलीचा हुंदका अर्ध्यावर थांबला. दुसरा गेला चहामधे. तिनं वर बघितलं. दुहेरी काचेतून, बर्फातून आरपार जाणारा तो आवाज आता मधे काहीच नसताना येत होता. तिसऱ्याला विधवेनं जवळ बसवलं तेव्हा बूटवाल्यानं बूट सोडला. चेंडू घरंगळत गेला आणि तो कुणीच घ्यायला गेलं नाही. वरचा सगळा हॉल, मला मागाहून सांगितलं गेलं, कर्ण्यांकडे कान लावून बसला होता आणि त्यांतून एकेक पोर गप्प होत गेलेलं ऐकत होता. शेवटच्या कडव्याला तिसरा नवरा डबा उघडतो, तेव्हा तळघरात आल्विनच्या घोरण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

गाणं संपलं.  मग छतावर एक आवाज सुरू झाला, आधी सुटा सुटा, मग सरींसारखा, मग असा की जाळीतून धूळ गळली. टिली माझ्या कडेवर ताठ झाली. एवढ्या माणसांनी मिळून केलेला आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. तिच्या मते जगात आठ माणसं होती. मला वाटलं आता ही भोकाड पसरणार.

तिनं भोकाड पसरलं नाही. कडेवरून घसरून खाली उतरली, डब्याजवळ बसली, त्याच्यावर पंजा आपटला आणि अख्ख्या पोर्ट हॅडलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "अजून."

दीड वर्षानं लागलेला खेळ, मध्यंतराला आधीच उशीर झालेला, कडेला वेंडेल घड्याळ दाखवत उभे. रंगमंचावर आईला आजवर कुणी 'अजून' म्हटलं नव्हतं. झाडाला आणि गाईच्या मागच्या भागाला ते सहसा कुणी म्हणत नाही. तिनं टोपी नीट केली, मिस्टर हेलरांकडे बघितलं, आणि पहिला नवरा पुन्हा एकदा सुपात गेला.